टेकडीवरची रुई

मालविका टेकडीवर पोचली, तेव्हा रुईची सगळी झुडपं उपटून एका कडेला ढीग घातला होता. मोकळ्या जागेत वृक्षारोपणासाठी खड्डे खणले होते. याच रुईवरच्या लाल-काळ्या किड्यांवर तिची पीएच.डी. चालली होती. रुईच्या बोंडांतलं बी हेच त्यांचं मुख्य अन्न. उपटलेल्या बोंडांना ते अजूनही चिकटून होते.

"या मॅडम, तुम्ही निसर्गप्रेमी!" आयोजक काळसेकरांनी गुलमोहराचं रोप पुढे केलं. "एक रोप तुमच्या हस्ते होऊन जाऊ दे."

"रुई कुणी उपटली?"

"तण होतं हो ते. त्यात ते घाणेरडे किडे!"

तिचं डोकंच फिरलं. "झाडं लावायला झाडंच उपटलीत? त्या किड्यांनी आता खायचं काय? लाज कशी वाटत नाही तुम्हाला!"

मांडवातले लोक वळून बघू लागले. तिने ढिगातून मुळासकट राहिलेलं एक झुडूप ओढून काढलं, मधल्या खड्ड्यात उभं केलं आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

"अहो, तो खड्डा प्रमुख पाहुण्यांचा आहे! ते पोचतीलच आता," काळसेकर ओरडले.

मालविका झुडपापुढे मांडी घालून बसली.

"येऊ देत. त्यांनाही हेच विचारायचंय."