हिरव्या काचा

माझा नवरा व्हॅलेंटाइन डेसाठी स्वतःच्या हातांनी पेटी करत होता. सोप्यावर बसून चपलांच्या खोक्याला डिचोलीहून आणलेला लाल वेलवेटचा कागद चिकटवत होता, एकही सुरकुती पडू न देता. बोटं फार हलकी आहेत त्याची, हवी तेव्हा. मी प्लास्टर घातलेला उजवा हात मांडीवर घेऊन दारात बसले होते. शेजारच्या चंद्रावतीकाकी आल्या आणि म्हणाल्या, "हाताक काय झाला गो?" "न्हाणीत पडली," सासूबाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं. काकींनी पेटी निरखली. "असो घोव मेळूक नशीब लागता," असं नवऱ्याचं कौतुक माझ्याकडे बघत ऐकवून त्या गेल्या. मग नवऱ्याने वाटी पुढे ओढली आणि तिच्यातल्या हिरव्या काचा एकेक करून झाकणावर बदामाच्या आकारात लावायला घेतल्या. त्या माझ्याच काकणांच्या होत्या. गेल्या आठवड्यात त्याने हात पिरगळला तेव्हा खोलीभर उडाल्या होत्या. सासूबाईंनी त्या वेचल्या, मला बजावलं की काकणं फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं, आणि तुळशीत टाकायला निघाल्या. "टाकू नको गे आई, कामाक येतली," तो तेव्हा म्हणाला होता. आता त्याने पेटी माझ्यासमोर उघडली. आत नव्या हिरव्या काकणांचा डझन होता, मापाला अगदी बरोबर. "घाल बघूया," तो म्हणाला, आणि माझा धड राहिलेला हात त्याने आपल्या हातात घेतला.