बदलीचा माणूस

म्हाताऱ्याने गळ्यातला रुमाल काढून बायकोच्या हातात दिला. "बघ," तो म्हणाला. "कोरडा ठणठणीत."

सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. काचेच्या कारखान्यात त्याची हयात भट्टीपुढे गेली. तिथे शिफ्ट संपली की जो तो आपला रुमाल भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि मग सगळे मिळून एकमेकांची मापं काढायचे. ज्याचा रुमाल कोरडा, तो पक्का गडी. ह्याचा रुमाल निवृत्तीच्या दिवसापर्यंत टपटप गळत होता. 'गळका' हे नाव त्याला तिथेच चिकटलं, आणि वरवर हसला तरी ते त्याला कायम बोचत राहिलं. आज सगळं शहर उन्हाने हैराण झालेलं असताना गळका एकदाचा पक्का झाला होता.

बाई रुमालाकडे बघत राहिली. उभ्या संसारात तिने त्याचे रुमाल पिळले होते. सकाळीसुद्धा हाच पिळून दोरीवर टाकला होता. आता तो वाळून कडक झाला होता आणि त्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

आठवडाभर नुसती आग ओतत होती. वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भिंतीला पाठ टेकवत नव्हती. वीज सकाळीच गेली होती, पंखा मान टाकून उभा होता. बाबांना पाणी पाजत राहा, असं लेक रोज फोनवर बजावायची आणि बाबा रोज तेच ऐकवायचे, की भट्टीपुढे जन्म गेला, हे ऊन मला काय शिकवतंय. भरून ठेवलेला पेला तासाभराने तसाच भरलेला सापडायचा. त्याच्या हट्टापुढे बाईने केव्हाच हात टेकले होते.

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कातडी लालबुंद, तव्यासारखी तापलेली, आणि घामाचा टिपूस नाही.

"अहो, उठा. मोरीत चला. डोक्यावर पाणी घालते."

तो हलला नाही. पडद्याच्या फटीतून ऊन आत घुसलं होतं, तिकडे तो टक लावून बसला होता. काच तयार होत आलीय, आता भट्टी सोडता येणार नाही, असं काहीतरी म्हणाला. तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याने तिला कुणा जुन्या सोबत्याच्या नावाने हाक मारली आणि भट्टीची झडप ओढायला सांगितली. त्याची जीभ जड झाली होती.

तिने जिन्यातून खालच्या शिंपिणीला हाक मारली. शिंपीण गळ्यात टेप तशीच घेऊन दवाखान्याची गाडी बोलवायला धावली. पण गाडी येईपर्यंत काय? बाईने त्याचा दंड धरून ओढलं, तर त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. पुन्हा ओढलं. म्हातारपणीही त्याच्या पंजात भट्टीवरचा जोर होता, तिच्या हातात तेवढा नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत हा माणूस चाललाय आणि आपण नुसतं बघतोय, असं तिला वाटलं.

आणि तिला ते आठवलं. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय भट्टी सोडायची नाही, हा तिथला नियम. लेक झाली त्या दिवशी बदलीवाला आलाच नाही, म्हणून या माणसाने पोरीचं तोंड दुसऱ्या दिवशी पाहिलं होतं. त्यावरून बाईने त्याला जन्मभर टोचून खाल्लं होतं.

तिने तो रुमाल स्वतःच्या गळ्यात टाकला आणि खुर्चीसमोर ताठ उभी राहिली.

"बदलीला आलेय," ती म्हणाली. "भट्टी माझ्याकडे द्या."

म्हाताऱ्याने तिला खालून वर न्याहाळलं. "उशीर केलास," तो म्हणाला, आणि खुर्ची सोडली.

मोरीत तिने त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि पिंपातलं पाणी तांब्यामागून तांब्या त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतत राहिली. ओली चादर त्याच्या अंगावर टाकली. शिंपीण परत आली, गाडी निघाली म्हणाली आणि पुठ्ठा घेऊन वारा घालू लागली. बाईचे हात भरून आले तरी ती थांबली नाही. एकीकडे त्याला शिव्या देत होती, एकीकडे विनवत होती की मला एकटीला टाकून जायचं नाही, सांगून ठेवते.

बऱ्याच वेळाने त्याचे खांदे शहारले. तिने रुमालाच्या कोरड्या टोकाने त्याचं कपाळ नीट पुसलं आणि तांब्या बाजूला ठेवून वाट पाहिली. कपाळ पुन्हा ओलं झालं. केसांतून पाणी उतरलं असेल, असं तिला वाटलं. तिने तिथे बोट लावलं आणि जिभेला टेकवलं.

खारट होतं.

ती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि मोकळेपणी रडली. जिन्यात पावलं वाजली तेव्हा म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले.

"भट्टी कुणाकडे आहे?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "तुम्ही आपले गळत राहा."