झाकणाखालचं लोणी

"लोणी काढलंत जावईबापू, लोणी!" दत्तरावांनी इंजिन ऑइलचं झाकण राष्ट्रपालच्या नाकासमोर धरलं. झाकणाच्या आत पिवळट पांढरा फेस थापल्यासारखा बसला होता. "इंजनात पानी शिरलंय. हेडचं गॅसकेट गेलं. उकळूस्तोवर पळवली गाडी, अन् काट्याकडं बघितलंबी न्हाई तुमी."

सासऱ्यांपुढं राष्ट्रपाल नेहमीच गप्प असायचा, आणि दत्तरावांना त्याचं गप्प राहणंही खटकायचं. एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी चौतीस वर्षं इंजिनं उघडली होती. ज्याला इंजिन कळत नाही त्याला ते माणसात धरत नसत, आणि ज्याला कळतं असा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. ही अठरा वर्षांची गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर परभणीला लेकीच्या दारात आणून लावली. जावई पाथरीच्या शाळेवर शिक्षक. रोजचं जाणं-येणं सुखाचं व्हावं म्हणून. तेव्हापासून दर महिन्याला ते पिंगळीहून यायचे, आधी बोनेट उघडायचे आणि मग घरात पाय ठेवायचे.

"पोरांना विज्ञान शिकवता न्हवं?" ते म्हणाले. "कंचं ओ? तेलात पानी गेल्यावर काय होतं, ते हाय का तुमच्या पुस्तकात?"

"बाबा, चहा तरी घ्या आधी," दारातून सुकेशनी म्हणाली.

"चहा हितंच निघंल आता. दुधाचा. ये, बघ."

पाणी मिसळलेलं तेल चहासारखं दिसतं, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांनी ऑइल मोजायची पट्टी झटक्यात ओढली आणि जावयापुढं नाचवली. मग स्वतः पाहिली.

तेल काळपट तपकिरी होतं, बरोबर खुणेपर्यंत. दत्तरावांनी पट्टी पुसली, बुडवली, परत काढली. तेच. नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास आला. त्यांनी रेडिएटर उघडला. पाणी काठोकाठ होतं, वर तेलाचा एक तवंग नाही. मग गाडी चालू करायला लावून ते पंधरा मिनिटं सायलेन्सरमागे उकिडवे बसले. सुरुवातीला थोडी वाफ आली. इंजिन तापलं तशी तीही थांबली. पांढरा धूर काही निघेना.

गॅसकेट शाबूत होतं.

दत्तराव बसल्या जागी विचार करू लागले. माणसं खोटं बोलतात, इंजिन बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत. थंडीच्या दिवसांत गाडी पाच-सात मिनिटं चालवून बंद केली, की आतली वाफ झाकणाला धरते. इंजिन तापायच्या आतच थांबतं, मग वाफ बाहेर पडत नाही, आणि कच्चं पेट्रोल तेलात उतरतं. हे सगळं त्या गाडीचं दुखणं, जी रोज निघते आणि कुठंच पोचत नाही. पाथरी चाळीस किलोमीटरच्या वर. रोज तेवढी पळणाऱ्या गाडीत हा फेस दोन दिवसही टिकला नसता.

ते उठले. हातातलं फडकं त्यांनी बोनेटवर आपटलं.

"ही गाडी पाथरीला जातच न्हाई. किलोमीटरभर जाती अन् थांबती. रोज. कुनाच्या दारात लावता ओ माझी गाडी? सुकेशनी, विचार की तुझ्या नवऱ्याला! मास्तर हायेत ना लय सोज्वळ!"

सुकेशनी पायरी उतरून खाली आली.

"त्यांना काय बोलायचं न्हाई, बाबा. पाथरीला ते एसटीनं जायलेत. गाडी दादासाठी ठेवलीय."

"कोन दादा?"

कोण ते दत्तरावांना चांगलं माहीत होतं. सिद्धोधन, त्यांचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी त्याला आपल्याच वर्कशॉपात शिकाऊ म्हणून लावलं होतं. पाचव्या दिवशी त्याच्याकडून एक नट जास्त आवळून बाद झाला, तेव्हा चार माणसांदेखत ते म्हणाले होते, "ह्याच्या हातात जायची पान्ह्यालाबी लाज वाटंल." पोरगा तसाच निघून गेला. पिंगळीच्या घरी परत आला नाही. कुणी विचारलं तर दत्तराव सांगायचे, मला एकच पोरगी हाय.

"दिवाळीनंतर पडला," सुकेशनी म्हणाली. "रंगकाम करताना, दुसऱ्या मजल्याला बांधलेल्या फळीवरून. कंबर मोडली, बाबा. रिक्षाचे धक्के सोसत न्हाईत त्याला. महिना झाला, हे रोज सकाळी उचलून गाडीत घालतात, दवाखान्यात व्यायामाला नेतात, परत आणून निजवतात. मग पळत जाऊन एसटी धरतात."

"मला का कळवलं न्हाई?"

"त्यानंच नको म्हणलं."

"अन् का म्हणून?"

राष्ट्रपालनं बोनेट हळूच बंद केलं. "चला मामा," तो पहिल्यांदाच बोलला. "दोन गल्ल्या सोडून हाय खोली."

दत्तराव चालत निघाले. वाटेत ते धुमसत होते. बापाला परकं केलं, दोन-तीन महिने फसवलं, लेकीनंही साथ दिली. काय काय सुनावायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती. खोलीचं दार उघडंच होतं. खाटेवर पट्टा बांधलेला एक माणूस उताणा पडला होता. गाल बसलेले, दाढी वाढलेली. ओळखायला दत्तरावांना एक क्षण लागला.

सिद्धोधनला लागला नाही. दारातली सावली पाहताच तिशी गाठलेल्या त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. खाटेची कड धरून त्यानं उठायची धडपड केली. उठता येईना, तसा तो पडल्या पडल्याच घाईनं बोलला.

"बाबा, फळीच मोडली. खरंच, माझी चूक न्हवती."