धुतलेला झगा

"त्याच्या झग्याला साबणाचा वास येतोय," इरिया म्हणाली आणि कितेरियाचा पावाचा घास हातातच राहिला.

"मग? स्वच्छ मुलगा आहे."

"अगं, कोइंब्रा विद्यापीठात विद्यार्थ्याचा झगा कुणी धुतं का? वर्षानुवर्षं तोच घालतात. वाइन सांडते, पाऊस पडतो, पण धुवायचं नाव काढत नाहीत. धुतला की कॉलेजच्या सगळ्या आठवणी गेल्या, असं मानतात. खऱ्या विद्यार्थ्याला एवढं माहीत नसेल?"

कितेरियाने कॅन्टीनच्या दाराकडे पाहिलं. तिथे वाल्देमार उभा होता, त्यांच्या गटाचा मॉनिटर. खांद्यावर तोच काळा झगा आणि नजर थेट यांच्या टेबलावर.

"ए, तो आपल्याकडेच बघतोय गं."

"पहिल्या दिवसापासून बघतोय."

आणि ते खरंच होतं. विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला आलेल्या बाकी पोरांना तो नुसत्या हाका मारून गोळा करायचा, पण इरियापाशी थांबायचा. गाव कुठलं, घरून फोन येतो का, जेवलीस का. काल तर जिन्यात गाठून म्हणाला, "तुझं ओळखपत्र अजून दाखवलं नाहीस."

"खोलीत राहिलंय."

"असू दे. शनिवारपर्यंत राहायचंय ना तुला?"

"म्हणजे?"

"काही नाही, सहज," म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याने तिची झोप उडाली होती. शनिवारी प्राध्यापक नोगेरांपुढे तिला मोंदेगो नदीच्या पाण्याचा प्रयोग मांडायचा होता. दोन वर्षं ती नदीवर जाऊन बाटल्या भरत होती, ते या एका सकाळसाठी. आणि ती सकाळ हा माणूस हिसकावून घेणार, असं तिला सारखं वाटत होतं.

"मलाही काहीतरी विचित्र विचारलं त्याने," कितेरिया म्हणाली. "तुमच्या खोलीत अजून एक गादी मावेल का, म्हणे."

"मुलींच्या खोलीत? गादी?"

"मला वाटलं, चेष्टा करतोय."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

मग काय, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वसतिगृहात कुजबुज. कुणी म्हणालं, त्याला लायब्ररीचा रस्ताच सापडत नव्हता. कुणी म्हणालं, तो कॅन्टीनमध्ये जेवत नाही, बाहेर पायरीवर बसून घरचा डबा खातो. कितेरियाने घरी फोन लावला आणि तिच्या वडिलांनी थेट संचालिकाबाईंना. "नऊशे युरो घेऊन पोरीला रोज कोबीचं सूप पाजता, तेवढं मी गिळलं. हे नाही गिळणार."

संचालिका दोना एउलालियांनी वाल्देमारला सगळ्यांसमोरच बोलावलं.

"झगा कुणी धुतला?"

त्याचे कान लाल झाले. "आईने. आमच्या घरात याआधी कुणी विद्यापीठात गेलेलं नाही. तिला वाटलं, मळलाय. इस्त्रीसुद्धा केली."

मागे कुणीतरी खुसखुसलं.

"बरं. आणि ती गादी कुणासाठी?"

त्याने इरियाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत राहिली.

"ते मला सांगता येणार नाही, दोना एउलालिया."

"मग मलाही तुला ठेवता येणार नाही. लोकांनी पैसे मोजलेत, बाळा."

त्याने वाद घातला नाही. झग्याची नीट घडी केली, बॅगेत ठेवली आणि निघाला. तो उतरणीवरच्या पायऱ्या उतरून दिसेनासा होईपर्यंत इरिया खिडकीत उभी होती. मग तिने मोठा श्वास सोडला, पलंगाखालून बाटल्या काढल्या आणि खिडकीत ओळीने मांडायला घेतल्या. आता शनिवार कुठे जात नव्हता.

कितेरिया आंघोळीला गेली होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दार उघडंच होतं. दारात एक मुलगी. हातात सुटकेस, चेहरा आजारातून उठल्यासारखा ओढलेला.

"मला उशीरच झाला," ती म्हणाली. "ताप उतरतच नव्हता. मी इरिया फाल्कांव."

खिडकीतली मुलगी जागची हलली नाही. हातातली बाटली तशीच धरलेली.

आलेल्या मुलीने दार हळूच लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "घाबरू नकोस गं. उशीर होईल म्हणून मी फोन केला, तेव्हा वाल्देमारने सगळं सांगितलं मला, माझ्या नावावर तू आलीयेस ते. शनिवारपर्यंत इरिया तूच, मी तुझी मामेबहीण. पण तो आहे कुठे? गेटवर घ्यायला येतो म्हणाला होता."