रोज पाजलं

मोहाच्या फांदीला टांगलेला वजनकाटा झुलायचा थांबला आणि रंजीताने रोखून धरलेला श्वास सोडला. आठ किलो सातशे. खात्री व्हावी म्हणून तिने काट्यावर टिचकी मारून पाहिली. झोळीतला दीड वर्षांचा बुधू तिच्या ओळखपत्राची दोरी निवांत चघळत होता.

दोन महिन्यांपूर्वी हेच पोर आठ किलोलाही भरत नव्हतं. आई मिरची तोडायला तेलंगणात गेली, अंगावरचं दूध तुटलं आणि पोर वाळत चाललं. रंजीता या भागातली नर्स. तिने बुधूच्या आजीला, सोमारीला, स्पष्टच सांगितलं होतं की वजन चढलं नाही तर पोराला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करावं लागेल. सोमारीने पोराला पदराखाली ओढलं. सून येईल तेव्हा लेकरू घरातच दिसलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

रंजीता नागभीडची. लेकराला वाढवायचं म्हणजे दूध पाजायचं, याच्या पलीकडे तिचा विचार कधी गेला नव्हता. या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, गाई पुष्कळ, पण कोणाच्याच चुलीवर दूध दिसायचं नाही. आटल्या असतील बिचाऱ्या, असं तिने धरून टाकलं. सोमारीच्या दारात तर नुसतंच एक वासरू होतं. म्हणून तिने स्वतः चंद्रपूरहून दुधाच्या पावडरीचे डबे आणले, दर पंधरवड्याला एक. उकळलेल्या पाण्यात ती कशी कालवायची, तेही तीनदा करून दाखवलं. सोमारीचं मराठी बेताचंच. ती मान हलवायची. पुढच्या खेपेला डबा रिकामा असायचा. रोज पाजलं का, असं विचारलं की ती शांतपणे म्हणायची, रोज पाजलं.

त्यामुळे आज रंजीताला आनंद मावत नव्हता. तिने वहीत वजन लिहिलं आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘दुधाने फरक’ असंही लिहिलं. मग पिशवीतून नवा डबा काढला. पत्रा खणकन वाजला.

बुधूने मान वळवूनही पाहिलं नाही. खुंट्याचं वासरू मात्र दावं तोडून धावत आलं आणि डब्यावर नाक घासू लागलं.

रंजीताचा चेहरा उतरला. तिला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की मग हे पोर तगलं तरी कशावर?

“सोमारीबाई, पोराचं दूध वासराले पाजलं?”

“वासरालेच पाजलं. दूध वासराचं रायते, बाई.”

यात लपवण्यासारखं काही आहे, हे सोमारीच्या गावीही नव्हतं. तुटक मराठीत तिने सांगितलं की या टोल्यावर गाईची धार कोणी काढत नाही, आजवर काढली नाही. बुधूसाठी ती नाचणीची घट्ट पेज करायची. तीत कधी तीळ-शेंगदाण्याचा कूट, कधी सुकवलेल्या माशांची पूड, कधी शेवग्याचा पाला. कोंबडीची अंडी बाजारात नेणं तिने बंद केलं होतं. दिवसातून पाच वेळा, मांडीवर घेऊन, एकेक घास. उखळ ओट्यावरच होतं. दर खेपेला रंजीता त्याच्या शेजारीच बसायची.

तिने वहीतली ओळ खोडली. पेज, कूट, सुकट, अंडं, पाला असं लिहिताना तिला स्वतःचंच हसू आलं, आणि पोर घरीच राहणार म्हणून डोळेही भरून आले. मग हा डबा परत नेते, असं म्हणत ती उठली.

सोमारीने डबा तिच्या हातातून अलगद काढून घेतला आणि वासराच्या मानेवर हात ठेवला.

“राहू दे न, बाई. बुधूची माय येऊन राह्यली मिरची तोडून. याची माय वाघानं नेली.”