डिसेंबरातला पंखा

दंडावरची पट्टी दुपारी बंद पडली आणि छातीतून वर चढणारी ती आग मृण्मयीला बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळली. एरवी पट्टी रक्त तपासून हवं तेवढं इस्ट्रोजेन अंगात सोडायची; पाळी जातानाचा हा त्रास तिच्या पिढीला ऐकूनच ठाऊक होता.

तिला आई आठवली. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत आई पंखा पाचावर करायची आणि बाबा कानटोपी चढवून तिच्याशेजारी बसायचे. पुढे इस्ट्रोजेन घटल्याने आईची हाडं ठिसूळ झाली, ती कमरेतून वाकली. पण मृण्मयीच्या मनात राहिली ती पंख्याखाली बसलेली दोघं.

"अगं, घामाघूम झालीस! डॉक्टरांना कळवू?" नवरा, पुष्कर, घाबरला.

"नको रे. पंखा लाव."

"डिसेंबरात?"

"लाव. पाचावर."

संध्याकाळी नवी पट्टी आली. आईची वाकलेली पाठ आठवून मृण्मयीने ती लावली. शेजारी पुष्कर डोक्याला टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसला होता. तिचं अंग केव्हाच निवलं होतं, पण पंखा बंद करायला हात पुढे होईना.