पुट्टी की शिसं

हरीशने खिशातून लोहचुंबक काढलं, अमृतरावांच्या जुन्या अँबेसेडरच्या दाराला लावलं आणि हात सोडला. चुंबक टपकन खाली पडलं.

"पुट्टी," तो म्हणाला. जुन्या गाड्यांसाठी पुण्याहून हिंगोलीपर्यंत येणारा माणूस तो, सहजासहजी फसणारा नव्हता. "आत पोचा आहे, वरून लिंपलंय. मला नको ही गाडी."

अमृतरावांना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. गाडी त्यांना विकायचीच नव्हती. पण दिवाळीत त्यांनी ती फाटकाच्या खांबाला घातली आणि तेव्हापासून किल्ली त्यांच्या बायकोच्या, जनकाबाईंच्या, पदराच्या गाठीत होती. आज नवऱ्याने सौदा मोडू नये म्हणून त्या डोंगरकडा गावाहून जातीने आल्या होत्या.

एवढ्यात अमृतरावांचं लक्ष गॅरेजपाशी उभ्या असलेल्या सोनाजी डेंटरकडे गेलं. गाडीच्या दाराचा पोचा त्यानेच भरला होता. त्याचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना.

"पुट्टी न्हाई, शिसं हाय ते," ते नाइलाजाने म्हणाले. "मी सोता उभं राहून भरून घेतलं. शिशाला चुंबक चिकटत न्हाई."

"मालक असंच म्हणणार," हरीश म्हणाला.

अमृतरावांना फार बरं वाटलं. खरंही बोलून झालं आणि गाडीही घरीच राहणार होती.

सोनाजी मात्र आत गेला आणि गॅसचा टॉर्च पेटवून घेऊन आला. "पुट्टी असंल तर जळंल, शिसं असंल तर वितळंल. बघा तुमीच."

"राहू दे ना सोनाजी. साहेबाला उगी तकलीफ काहून?"

सोनाजी कुठला ऐकतोय. रंगाला फोड आले, तो करपला आणि त्याखालून चकचकीत थेंब ओघळू लागले. बघता बघता परातीएवढा पोचा उघडा पडला. एवढं खपून, लाकडी पट्टीने थापून-थापून केलेलं काम सोनाजीच्याच चपलांपाशी सांडलं होतं, आणि तो छाती काढून उभा होता.

हरीश वाकून बघत राहिला. मग त्याने सोनाजीला हात जोडले. "शिशाचं असं काम आता कोण करतं? परत भरून द्या. गाडी मी घेतली."

जनकाबाईंनी गाठ सोडून किल्ली त्याच्या हातावर ठेवलीसुद्धा.

अमृतराव सोनाजीजवळ सरकले.

"सोनाजी," ते हळूच म्हणाले, "जराशी पुट्टी भरली असती तर तुझं काय जात व्हतं रं?"